झेंड्याआधीच्या तिसऱ्या

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावं पाहायला म्हणून कुणी जात नाही. तिथे लोक कामाला जातात, लग्नाला जातात, नाहीतर स्वस्त कपडा घ्यायला. मी माफी मागायला गेलो होतो. तीन दिवस, तीन घरं. परत आल्यावर सगळं लिहून काढतोय, कारण माझी बायको सुमन म्हणाली, "एकदा कागदावर उतरवा, म्हणजे मला रोज ऐकावं लागणार नाही."

आधी गुन्हा सांगतो, मग प्रवास.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. गेली काही वर्षं एक मॅडम येऊन खाडीचं पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेतात. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं एक विषारी शेवाळ कधीकधी भराभर वाढतं. तिसऱ्या पाणी गाळून त्यातलं खातात आणि विष त्यांच्या अंगात साठतं. तिसरीला काही होत नाही, तिला खाणाऱ्याला होतं. वास येत नाही, चव बदलत नाही, उकळलं तरी ते जात नाही. असं शेवाळ सापडलं की मॅडमचा फोन येतो आणि खाडीत बांबू रोवून लाल झेंडे लावायचे. झेंडे आहेत तोवर खाडी बंद. मी मच्छीमार सोसायटीचा सचिव, त्यामुळे झेंडे लावायचं काम माझं.

गेल्या वर्षी हा फोन आला त्याच दिवशी मला बदलापूरला आत्याकडे निघायचं होतं. तिला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. केक नको, साडी नको, एवढंच तिने बजावलं होतं, "माझ्या माहेरच्या तिसऱ्या आण." सुमन तिच्या आईकडे गेली होती. मी सकाळी सातला टोपलीभर तिसऱ्या काढल्या आणि नऊला झेंडे लावले. झेंड्याआधी काढल्या म्हणजे चालतात, अशी स्वतःची समजूत घातली. मॅडमचा फोन सहालाच आला होता, हे मी स्वतःलाही आठवू दिलं नाही. आमच्याकडे उकळल्यावर जी तिसरी उघडते ती चांगली, जी मिटून राहते ती फेकायची. घरी उकळल्या तेव्हा माझ्या सगळ्या उघडल्या, एकूणएक. मला वाटलं, हा देवाचाच दाखला.

वाटेत उल्हासनगरला आमच्या कापडवाल्या शेठकडे एक डबा दिला, बाकीच्या आत्याच्या घरी शिजल्या. अंबरनाथहून माझी चुलत वहिनी मंगल शेवयांची खीर घेऊन आली होती. रात्री जेवण झालं आणि अर्ध्या तासात माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मला तेव्हाच कळलं. आत्याला उलट्या सुरू झाल्या, मागोमाग मंगल वहिनीलाही. आत्याला रात्रभर सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत? आत्या म्हणाली, "हिची खीर."

मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. मी बोललो नाही. नंतर वर्षभर बोललो नाही.

यंदा पुन्हा फोन आला, पुन्हा झेंडे लावले. गावच्या बायका माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांत पुढे सुमन. "दर वेळी झेंडे रोवता. आजवर आमच्या तिसऱ्यांनी कोण आजारी पडलं? एक नाव सांगा. एकच." मी झेंड्याकडे बघत राहिलो. "नाही ना? मग अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आम्ही उतरणार."

अमावास्या पाच दिवसांवर होती. मला नावं तीन माहीत होती, त्यातलं एक माझं; चौथे शेठ, त्यांना काय झालं ते मी कधी विचारलंच नव्हतं. पण बाकीच्या तिघांना मी अजून सांगितलंच नव्हतं. त्यांना न सांगता त्यांची नावं चव्हाट्यावर कशी घ्यायची? मी पिशवी भरली.

उल्हासनगर : पापड, मग पाणी

एसटीच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही, पाठ अजून बोलते आहे.

शेठचं कापडाचं दुकान कॅम्प तीन नावाच्या वस्तीत. माझे वडील शाळेच्या गणवेशाचा कपडा इथून न्यायचे, मी सोसायटीचा नेतो. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ आणि पाणी देतात. सिंधी घरात आधी भाजलेला पापड देतात, मग पाणी. म्हणजे तहान आधी नीट वाढवायची आणि मग भागवायची. मला ही रीत फार पटली. वर शेठच्या बायकोने, भाभींनी, दाल-पकवानाची बशी ठेवली. कुरकुरीत पुरीवर डाळ, त्यावर चिंचेची चटणी. माफी मागायला आलेल्या माणसाने असं खावं का, हा विचार मनात आला तेव्हा बशी रिकामी होती.

"साईं, पिशवी में क्या है? तिसऱ्या?" शेठने विचारलं. शेठ मराठी आणि हिंदी एकाच श्वासात बोलतात.

"शेठ, गेल्या वर्षीच्या तिसऱ्या खाल्ल्यावर तुम्हाला काही झालं होतं?"

"मला? कुछ नहीं. क्या चीज थी!" मग त्यांचा चेहरा बदलला. "हां, त्याच दिवशी तो समोरचा डेंटिस्ट! दुपारी दाढ भरली, रात को होंठ सुन्न, जीभ सुन्न, फिर उलटी. इसने गलत नस में सुई मारी. मी पूर्ण कॅम्पला सांगितलं, त्याच्याकडे जाऊ नका."

माझ्या हिशेबात एक आत्या होती, एक खीर होती. डेंटिस्ट नव्हता.

मी सगळं सांगितलं. फोन सहाला, तिसऱ्या सातला, झेंडे नऊला. शेठ डोळे मिटून ऐकत होते.

"झंडा लाल?"

"लाल."

"कपडा किधर का?"

मी मान खाली घातली. "तुमच्याच दुकानातला. वीस मीटर नेला होता."

आतून भाभींचं हसू आधी आलं. शेठ उठून उभे राहिले. "मेरे कपडे का झंडा, और मेरे को ही खिलाया!" मग तेही हसायला लागले आणि हसता हसता गल्ल्यावर बसले. मला वाटलं, सुटलो. पण शेठ एकदम उठले आणि चप्पल शोधायला लागले. "चलो. डेंटिस्ट. तू भी."

मिठाईचा पुडा घेऊन आम्ही रस्ता ओलांडला. डेंटिस्ट शांत, चष्मेवाला माणूस. मी बोललो, शेठ बोलले, मग दोघे एकदम बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं, खुर्चीवरचा दिवा लावला आणि म्हणाला, "शेठजी, तेव्हा दुसरी दाढपण किडलेली होती. वर्षभर तुम्ही आला नाहीत. बसा." शेठ खुर्चीत, मी दारात मिठाई धरून. आतून शेठचा आवाज आला, "साईं, तेरी वजह से!"

बाहेर आल्यावर गालाला हात लावून ते म्हणाले, "नाव घे माझं तुझ्या गावात. बिनधास्त. पण दुकानाचंही सांग, झेंड्याचा कपडा अजून लागेल." त्यांनी आणखी वीस मीटर लाल कापड माझ्या पिशवीत कोंबलं.

अंबरनाथ : पातेलं

दुसऱ्या दिवशी रिक्षाने अंबरनाथला निघालो. पुलावरून वालधुनी नदी दिसली. रिक्षावाला म्हणाला, "काका, बघून घ्या, आज काळी आहे. कधी लाल पण असते." मी विचारलं, मग झेंडे लावत नाहीत का? त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "झेंडा? इथलं काय काढून खाणार कोण?" आमच्या खाडीला झेंडा लावावा लागतो, कारण तिच्यातलं अजून खाण्यासारखं आहे. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

बुवापाड्यात मंगल वहिनीचं घर अरुंद गल्लीत आहे. दोघांनी समोरासमोर चालायचं तर एकाने ओट्यावर चढायचं. माझा चुलतभाऊ रमेश कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. वहिनी पोळ्या लाटत होती. कामगारांचे डबे असतात तिच्याकडे.

"अय्या, भाऊजी! खाडीवरून थेट? बसा. त्या डब्यावर नका, पीठ आहे."

मी दुसऱ्या डब्यावर बसलो. ती लाटत राहिली आणि मी सांगत राहिलो. अर्ध्यात लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा तिने ती उलटली, आणि बघितली, आणि तशीच तव्यावर ठेवली.

"म्हणजे खीर चांगली होती."

"उत्तम होती, वहिनी."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"स्टुलावर बसला होतात. हातात माझ्याच खिरीची वाटी होती तुमच्या."

"हो."

ती म्हणाली, "भाऊजी, मी वर्षभर खीर केली नाही. बारशाला नाही, हळदीकुंकवाला नाही. कोणी सांगितलंच नाही करायला. आत्या तर फोनसुद्धा घेत नाहीत. मलाही वाटायला लागलं, दूध नासलं असणार, नाहीतर कल्हई गेली असणार. माझ्या आईचं पितळेचं पातेलं होतं ते." तिने लाटण्यावरचं पीठ झटकलं. "मी ते भंगारवाल्याला दिलं."

बदलापूरच्या डॉक्टरांपुढे मी गप्प बसलो तेव्हा मला वाटलं होतं, एका म्हातारीच्या पोटाचा प्रश्न आहे, दोन दिवसांत मिटेल. पातेल्याची मला कल्पना नव्हती. मी म्हटलं, "मी तुम्हाला नवीन पातेलं..."

"गप्प बसा. नवीन पातेल्यात माझी आई कुठून येणार?" तिने पदराने नाक पुसलं, गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मग हळूच हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली. "उठा. कोपऱ्यावरून दोन लिटर दूध आणा. म्हशीचं. आणि शर्टाच्या बाह्या वर करा."

त्या दिवशी बुवापाड्यात मी खीर केली. म्हणजे ढवळली. वहिनी खाटेवर बसून हुकूम सोडत होती. "तळाला लागतंय. तळाला. भाऊजी, खाडी ढवळताय का?" शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय गं मंगल, स्वयंपाकी ठेवलास?"

"नाही गं. हे आमचे झेंडेवाले. शिक्षा भोगतायत."

तिने स्टीलच्या कॅनमध्ये खीर भरली आणि झाकण घट्ट लावलं. "उद्या आत्यांकडे न्या. त्यांच्यासमोर आधी तुम्ही खा. मी येणार नाही. त्यांनी बोलावलं तर येईन." आणि मी चप्पल घालत असताना म्हणाली, "नाव घ्यायचं तर घ्या माझं गावात. पण खीर चांगली होती, हे आधी सांगा."

बदलापूर : टहाळ

बदलापूरला स्टेशनबाहेर डोंगराकडच्या वाड्यांवरच्या बायका माल घेऊन बसतात. रिक्षा मिळेना, म्हणून कॅन पोटाशी धरून मी तिथे उभा होतो. एका म्हातारीने गोड्या पाण्यातल्या चिंबोऱ्या दोरीने बांधून ठेवल्या होत्या. आमच्या खेकड्यांपुढे त्या बारीक, पण तरतरीत.

"घ्या दादा. सकाळच्याच हायत."

मी सहज विचारलं, "पाणी चांगलं आहे ना तिथलं?"

"पाणी खराब आसल तर आमी जातूच कशाला?" ती म्हणाली. "आमच्या वाडीत वढ्याला झाडपाल्याचा रस घालत्यात, मासं गुंगीला येत्यात, मंग धराचं. पन रस घातला का खालच्या वाटंला टहाळ रवाचा. मंग त्या पान्याला कुनी तोंड लावत न्हाय. मानूस न्हाय, ढोर न्हाय."

पानांची फांदी रोवायची. म्हणजे आमचा झेंडाच. मी विचारलं, "टहाळ कोण लावतं?"

"ज्याची पाळी आसल तो. आन त्याच्या घरात त्या दिशी मासा शिजत न्हाय. निस्ती भाकर."

"का?"

शाळेत गुरुजी पाहायचे तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "आवो, त्योच शिजवाय लागला तर टहाळाला कोन इचारल?"

मी चिंबोऱ्या घेतल्या नाहीत, पण तिथे थोडा वेळ उभाच राहिलो. शेवटी ती म्हणाली, "सरका दादा, गिऱ्हाईकाला दिसना."

आत्या खरवई भागात नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये आरसा आहे. सात मजले स्वतःच्या तोंडाकडे बघत जायचं म्हणजे माझ्यासारख्याला फारच झालं. मी पाठ फिरवून उभा राहिलो.

आत्या खिडकीपाशी खुर्चीत होती. समोर डोंगर, खाली शेतात उभे राहिलेले मनोरे. "आलास? तिसऱ्या?"

"नाही. खीर आहे. मंगल वहिनीची."

"बाहेर ठेव."

मी कॅन मांडीवर ठेवून खाली बसलो आणि तिसऱ्यांदा सगळी गोष्ट सांगितली. आता ती पाठ झाली होती. मला वाटलं होतं, आत्या चिडेल, रडेल. तिने मला मध्येच थांबवलं.

"खोटं आहे."

"आत्या, खरं आहे. तिसऱ्याच होत्या."

"माझ्या माहेरची खाडी मला विष देईल? आठ वर्षांची होते तेव्हापासून त्या चिखलात पाय आहेत माझे. खिरीनेच झालं. मंगलची साखर ती कुठल्या वाण्याची, कोणास ठाऊक."

मी अडकलो. बाकीच्या दोघांनी मला दोष द्यायला एक मिनिट लावलं नव्हतं. आत्या द्यायलाच तयार नव्हती, कारण तिला वाटत होतं मी खाडीला नाव ठेवतोय. तेव्हा स्टेशनवरची म्हातारी आठवली.

"आत्या, खाडीचा काही दोष नाही. खाडीने पाण्यातून सांगितलं होतं, मॅडमने फोनवर सांगितलं होतं. झेंडा लावायची पाळी माझी होती. मी झेंडा लावला आणि माझ्याच घरात तिसऱ्या शिजवल्या. खाडी खोटी नाही. मी खोटा."

आत्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "असं बोल की. तू खोटा. हे मला कधीही पटेल." तिने हात पुढे केला. "लहानपणीही तू असाच होतास. शेजारच्यांची काजूची बोंडं खाऊन कुत्र्यावर घालायचास. ती खीर आण इकडे."

मी आधी दोन चमचे खाल्ले, ठरल्याप्रमाणे. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, मग स्वतः खाल्ली. एक चमचा. दुसरा. मला म्हणाली, "मंगलचा फोन लाव."

मी लावून हातात दिला.

"मंगल? मी बोलतेय. खिरीत जायफळ कमी आहे. आणि शेवया जरा जास्त शिजल्यात."

पलीकडून आवाज आला, "भाऊजींनी ढवळलीय, आत्या."

"मग बरोबर आहे. तू ये. तू असताना याला हात लावू देऊ नकोस."

पलीकडे लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "डबे पोचवून येते."

चार वाजता ती आली. दोघींनी माझ्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही. दारात चपला काढताना आत्याने तिचा हात धरला आणि सोडला नाही, एवढंच मी पाहिलं. मग मी माझ्या अडचणीची गोष्ट काढली: अमावास्या, बायका, "एक नाव सांगा."

"माझं सांग," आत्या म्हणाली. "थांब, तू सांगशील तर अर्धं गिळशील. मोबाईलमध्ये भरून घे."

परत, खाडीवर

अमावास्येला ओहोटी संध्याकाळी होती. बायका टोपल्या घेऊन झेंड्यांपाशी उतरल्या होत्या. मी मध्ये उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सुमन माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्याबद्दल लिहायचं मी टाळतो. मग मोबाईल वर धरला आणि आत्याचा आवाज खाडीवर आला.

"बायांनो, मी या गावची लेक बोलतेय. नाव हवं होतं ना? माझं घ्या. मी पडले. अंबरनाथची आमची मंगल पडली, तिची खीर चांगली होती. उल्हासनगरचे एक शेठ पडले. खाडी चांगली आहे, आमचा भाचा तेवढा वाईट आहे. झेंडे निघेपर्यंत कुणी उतरू नका. मला माझं माहेर शाबूत हवंय. सुमन, याला धारेवर धर."

एकीने पदर तोंडाला लावला. मग सगळ्याच हसल्या, माझ्यावर, आणि मला ते हवंच होतं. सुमन हसली नाही. ती पाण्यातून चालत आली, तिची रिकामी टोपली तिने झेंड्याच्या बांबूला अडकवली आणि म्हणाली, "झेंडा आहे तोवर आपल्या घरात कुळथाचं पिठलं. दोन्ही वेळा." टहाळाची गोष्ट मी तिला तोवर सांगितलीही नव्हती. एकेक करून इतर टोपल्याही त्या बांबूवर चढल्या. शेवटी बांबू वाकला, म्हणून मला दुसरा आणावा लागला.

पिठलं बरेच दिवस खाल्लं. मग मॅडमचा फोन आला की पाणी साफ, तिसऱ्याही तपासल्या, हरकत नाही. मी झेंडे काढले, पहिली टोपली घरी आणली आणि आत्याला फोन केला की उद्याच पाठवतो.

"मॅडम हो म्हणाल्या?"

"म्हणाल्या."

"त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तुझ्यावर नाही. आधी तू खा. दोन दिवसांनी फोन कर. उचललास तर... म्हणजे तूच केलास तर पाठव."

तिसऱ्या खाऊन आज दुसरा दिवस आहे. हे लिहिताना मी मधूनमधून ओठांना हात लावून पाहतो. काही नाही. डबा बर्फात भरून ठेवलाय, आणि सुमन दारातून विचारते आहे की फोन करायला अजून किती वेळ.